कोंडलेले पाणी

काचेच्या टाकीतल्या गोल्डफिशच्या शेपटीवर एका सकाळी रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो. दुसऱ्या दिवशी चार दिसतात, आठवड्याभरात अंगभर. मासा तळाच्या खड्यांना अंग घासतो, पर मिटून घेतो, एअर पंपाच्या बुडबुड्यांपाशी जाऊन कल्ले भराभरा हलवत राहतो. दुकानदार याला ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतो आणि निळ्या किंवा हिरव्या औषधाची बाटली काढून देतो. हा ठिपका म्हणजे डाग नव्हे, तो एक जीव आहे, माशाच्या कातडीखाली घर करून बसलेला. फूके या अभ्यासकाने 1876 साली त्याला इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिइस असे लांबलचक नाव दिले. त्याचा अर्थ होतो, पुष्कळ लेकरांची, माशाची ऊ. बाटलीतले दहा थेंब पाण्यात पडले की एक मासा वाचतो आणि डोळ्यांना न दिसणारे हजारो जीव मरतात. मुंग्यांना साखर घालणारी, श्रावणात जिभेवर ताबा ठेवणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. ती बाटली हातात धरून थबकली तर त्यात हसण्यासारखे काही नाही. एका जिवासाठी हजार जिवांचा घात करायचा का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरे उत्तर द्यायला हवे.

हा प्रश्न आपल्या भाषेत पुरता सात शतके जुना आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचा विचार येतो, तेव्हा ज्ञानदेव आधी इतरांनी अहिंसेच्या नावावर काय काय चालवले आहे ते एकेक करून समोर मांडतात. यज्ञ येतो, त्याच्यामागून वैद्यक येते. रोगाने लोळणारा जीव पाहून आयुर्वेदाला दया आली खरी, पण एका जिवासाठी दुसऱ्या जिवाचा घात ही त्याचीही वाट, असे ते स्पष्ट सांगतात. कुणाचे कंद खणले, कुणाला मुळापासून उपटले, कुणाची साल सोलली. राहती घरे पाडून त्या सामानाचे देऊळ बांधावे, तशी ही दया. पुढे ते पाणी गाळणाऱ्यांनाही सोडत नाहीत: धर्म म्हणून पाणी गाळायला घेतले, आणि गाळता गाळताच त्यातले जीव मेले. इतका कठोर आक्षेप ऐकल्यावर औषधाची बाटली खाली ठेवावीशी वाटते. पण ज्ञानदेव तिथे थांबत नाहीत. खरी अहिंसा कशी ओळखावी, हे सांगताना ते माणसाच्या चालण्याकडे वळतात. पाण्यात पाऊल टाकताना लाट मोडू नये अशा बेताने चालणारा बगळा, केसर चुरगळेल म्हणून कमळावर हलक्या पायाने उतरणारा भुंगा, अशी ही चाल. इथे अहिंसेची जागा बदलली आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. घाव घालावा की नाही या क्षणावरून ती मागे सरकून पाऊल उचलण्याच्या क्षणावर आली आहे. टाकीतल्या रोगाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या सरकण्यातच आहे. औषधाने परजीवी मरतात यात दोष असेलच तर तो थोडा. मोठा दोष त्याच्या आधीच घडून गेलेला असतो, आणि तो करताना आपण थबकलेलो नसतो.

या जीवाचे आयुष्य पाहिले की ते उमगते. माशाच्या कातडीखाली तो पेशी खात वाढतो, मिलिमीटरभराचा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना दिसतो आणि त्याच्या पोटातले केंद्रक घोड्याच्या नालेसारखे वळलेले असते. एकदा ओळखले की पुन्हा कधी चुकू नये अशी ही खूण. पोट भरले की तो मासा सोडतो, तळाच्या वाळूला, काचेला, पानाला चिकटतो, भोवती चिकट आवरण गुंडाळतो आणि आत दुभंगत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो, कधी हजाराच्या घरात. पाणी कोमट असेल तर दिवसभरातच ही पिल्ले आवरण फोडून पोहू लागतात, आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालचा आणि आवरणातला जीव त्याला दाद देत नाही, म्हणून बाटली एकदा ओतून भागत नाही, दिवसाआड पुन्हा ओतावी लागते. आता हेच चक्र भंडारा जिल्ह्यात तुमसरकडच्या एखाद्या मोठ्या तलावात कल्पावे. तिथे एका माशावरून सुटलेला जीव चिखलात कुठेतरी पडतो, त्याची पिल्ले एवढ्या पाण्यात विखुरतात आणि बहुतेक उपाशी मरतात. एखाद्याला रोहू किंवा मरळ सापडते, माशावर दोन-चार ठिपके येतात आणि जातात. वाचलेल्या माशाच्या अंगी पुढे काही काळ प्रतिकारशक्तीही राहते. परजीवी आणि यजमान यांचा हा जुना व्यवहार आहे आणि त्यात दोघेही टिकतात. चाळीस लिटरच्या टाकीत बारा मासे असले की हा व्यवहारच मोडतो. सुटलेले प्रत्येक पिल्लू ज्या दिशेला जाईल तिथे मासा आहे. माशाला पळायला पाणी नाही, आणि पिल्लाला चुकायला जागा नाही. तळ्यात जो पाहुणा होता त्याला मारेकरी केले ते काचेच्या चार भिंतींनी, आणि त्या भिंती आपण उभ्या केल्या.

कोंडणाऱ्याची जबाबदारी म्हणजे काय, हे समजून घ्यायला भंडारा जिल्ह्यातला आंबागडचा किल्ला उपयोगी पडतो. सातपुड्याच्या टेकडीवर, जंगलात, सुमारे 1700 साली देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा तुरुंग झाला. किल्ल्याच्या आत विहीर आहे, आणि कैद्यांना त्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यावे लागे, असे सांगितले जाते. ही गोष्ट ऐकताना कुणी असे म्हणत नाही की कैद्यांना पाण्याने मारले, किल्लेदाराने नाही. पाण्यात काय वाढले होते, कुजलेली पाने होती की आणखी काही, याची चौकशी आपण करतही नाही. ज्याने दार लावले आणि दुसरे पाणी पोहोचू दिले नाही, त्याच्या नावावर ते मरण आपण बिनदिक्कत मांडतो, आणि ते बरोबरच आहे. मोकळ्या माणसाला साचलेले पाणी टाळता येते, कोंडलेल्याला ते प्यावेच लागते. हाच न्याय टाकीला लावायला काय हरकत आहे? मासे दाटीने भरणे, नवा मासा दुकानातून आणून थेट जुन्यांत सोडणे, आठवडेच्या आठवडे पाणी न बदलणे, विदर्भातल्या थंडीत रात्री पाणी गार पडू देणे आणि दुपारी पुन्हा तापू देणे, या सगळ्यांत कुणालाही मारण्याचा हेतू नसतो. आंबागडच्या पहारेकऱ्यालाही कदाचित नसेल. जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ठरवून केलेली संकल्पी हिंसा सगळ्यांत जड, आणि बचावासाठी करावी लागलेली विरोधी हिंसा त्या मानाने हलकी. रोगावरचे औषध या दुसऱ्या प्रकारात बसवता येते. पण त्याच परंपरेत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हे हिंसेचे मूळ मानले आहे, आणि टाकीतला रोग बहुतेक वेळा प्रमादाचेच फळ असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जबाबदारी कुणाचीही असो, मरणारे जीव ते जीवच, आणि एक मासा हजारांपेक्षा मोठा कसा? जीव सगळे सारखे हे तत्त्व म्हणून मान्य केले तरी वेदना सारख्या नाहीत, हे प्रत्यक्ष पाहता येते. 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिले. माशांनी खाणे लांबवले, ते डुलत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले. निव्वळ झटका देऊन मोकळे होणाऱ्या शरीराचे हे वागणे नव्हे. पांढऱ्या ठिपक्यातला जीव एकपेशी आहे, त्याला मज्जातंतू नाहीत. जैनांनी इंद्रियांवरून जिवांची जी उतरंड लावली, त्यात मासा पंचेंद्रिय आणि अळ्या-कृमी द्वींद्रिय. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, तरी दिशा चुकली नव्हती. मात्र ही उतरंड सोयीपुरती वापरता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. गोल्डफिशला आणि तळ्यातल्या कतल्याला आणखी एक परजीवी होतो, आर्ग्युलस. तो कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला आहे, चपटा, नाण्यावरच्या ठशासारखा अंगाला चिकटलेला. त्याला दोन काळे डोळे आहेत आणि ते स्पष्ट दिसतात. चिमट्याने त्याला माशावरून उपटताना एकपेशीचा युक्तिवाद कामाला येत नाही. तिथे एवढेच म्हणता येते की दोघांपैकी एकाला आपण घरात आणले, त्याच्या तोंडी घास घातला, आणि दुसऱ्याला आपल्या निष्काळजीपणाने त्याच्यावर सोडले. आधी दिलेला शब्द पाळावा लागतो. आल्बर्ट श्वाइट्झर आफ्रिकेत डॉक्टर होते आणि प्रत्येक जिवाबद्दलचा आदर हे त्यांचे तत्त्वज्ञान होते. निद्रारोगावर नवी औषधे आली तेव्हा त्यांना आनंद झाला, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या रोगाचे जंतू पाहताना, एक जीव वाचवायला आपण दुसरा घेतो आहोत, ही बोच गेली नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मला ही बोच हवीशी वाटते. ती गेली की माणूस मासे दाटीने भरायला मोकळा होतो, कारण औषध आहेच.

या आक्षेपाची दुसरी बाजू आपल्याच घरात आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग आहे, तो डासांतून माणसाच्या शरीरात शिरणाऱ्या कृमींमुळे होतो. सरकारी मोहिमेत घरोघरी गोळ्या वाटल्या जातात आणि लोक त्या घेतात, घ्याव्याच. आरोग्य केंद्रांतून गप्पी मासे डबक्यांत सोडले जातात, ते डासांच्या अळ्या खातात. स्वतःच्या रक्तातले कृमी मारताना कुणी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय काढत नाही. मग काचेतल्या गप्पीच्या पोटातून लाल दोऱ्यासारखी कृमी बाहेर लोंबू लागली की अहिंसा आठवते, ती का? उत्तर कटू आहे. स्वतःचे दुखणे दुखते आणि दहा-वीस रुपयांच्या माशाचे दुखत नाही. माशापेक्षा औषध महाग पडते, म्हणून तत्त्व स्वस्त वाटते.

दुसरा आक्षेप कर्माचा. मासा आजारी पडला ते त्याचे भोग, आपण मध्ये का पडावे? याचेच जास्त लोकप्रिय रूप वास्तूच्या नावाने चालते: घरात मासे ठेवावेत, घरावर येणारे संकट ते आपल्या अंगावर घेतात, आणि मासा मेला तर समजावे की काहीतरी टळले. ज्या घरात ही समजूत असते तिथे मेलेला मासा जाळीने काढून टाकला जातो, नवा आणला जातो, आणि तळाच्या वाळूत आवरणात बसलेले जीव त्याची वाट पाहत असतात. तो मासाही ‘संकट घेऊन’ जातो. श्रद्धेला नावे ठेवण्याची मला हौस नाही. माणसाला भीती वाटते आणि भीतीला आधार हवा असतो. पण या समजुतीत एक क्रूरता आहे, आणि ती धर्माच्या कोणत्याही कसोटीवर उतरत नाही. आपल्या हातून झालेल्या मरणाला ती कृपेचे नाव देते आणि पुढचे मरण निश्चित करते. भोगाचा सिद्धान्त मानायचा तर तो पुरता मानावा: माशाचे भोग त्याचे असतील, पण त्याला कोंडण्याचे आणि आजारात टाकून देण्याचे कर्म पाळणाऱ्याचे आहे. साबरमती आश्रमात 1928 साली तडफडणाऱ्या, बरे होण्याची आशा नसलेल्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण दिले. देशभर गदारोळ झाला, शिव्यांची पत्रे आली. वासराच्या बाबतीत ते बरोबर होते की नाही यावर मतभेद राहतील. पण काही न करता बघत राहणे म्हणजे अहिंसा नव्हे, ही त्यांची भूमिका त्यांच्या टीकाकारांनाही टाळता आली नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. कोंडणे हाच दोष असेल तर टाकीच कशाला? मोकळ्या पाण्यातून पकडून आणलेल्या माशांबाबत मी हा आक्षेप मान्य करतो, ती टाकी नसावी. पण पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच जन्मलेला गोल्डफिश किंवा मॉली मोकळा करणे म्हणजे त्याला मरायला सोडणे आहे. तो आता आपल्या पदरी आहे. आपल्या परंपरेतली माशाच्या पालनाची सगळ्यांत जुनी गोष्ट इथे वाट दाखवते. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक लहान मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे लहानांना गिळतात. प्रलय आणि नाव यांच्यामुळे ही कथा सर्वांच्या लक्षात राहते, पण प्रलयाच्या आधीची तिची पायरी किती घरगुती आहे! मनू माशाला घागरीत ठेवतो, घागर पुरेना तेव्हा खड्ड्यात, खड्डा पुरेना तेव्हा समुद्रात. मासा वाढेल तसे पाणी वाढवायचे, एवढाच करार. मोठ्या माशांना मारून टाक, असे तो मागत नाही. वेगळे पाणी मागतो, आणि पुरेसे पाणी मागतो.

वेगळे पाणी आणि पुरेसे पाणी, रोग टाळण्याचे शास्त्रही यापलीकडे फारसे जात नाही. नवा मासा आणला की तीन-चार आठवडे त्याला निराळ्या टाकीत ठेवावे, तिची जाळी आणि बादलीही निराळी. अंगात काही असेल तर एवढ्या दिवसांत बहुधा दिसते. दिसले तर त्या एकाच टाकीत उपाय करावा. आधी मीठ, लिटरला दोन-तीन ग्रॅम, आणि मासा सोसेल तेवढे पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत कोमट. फॉर्मलिन, मॅलाकाइट ग्रीन यांसारखी जहाल औषधे त्यानंतर. मॅलाकाइट ग्रीन तर खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत बंदच आहे. खवले नसलेल्या माशांना ही औषधे जास्त झोंबतात, हेही ध्यानात ठेवावे. कार्पच्या तळ्यांत आर्ग्युलससाठी एक साधी युक्ती आहे. त्याची मादी अंडी घालायला मासा सोडते आणि टणक पृष्ठभाग शोधते, म्हणून पाण्यात बांबू किंवा फळ्या सोडतात, अंडी त्यांवर चिकटली की त्या काढून उन्हात वाळवतात. अंडी मरतात, हे खरे. हिंसा शून्यावर येत नाही, ती कोणत्याच मार्गाने येणार नाही. पण बांबू बाहेर काढणाऱ्याने माशांना विषाच्या पाण्यात बुडवले नाही, आणि तळ्यातल्या बाकीच्या जिवांवर कीटकनाशक ओतले नाही. त्याचा पाय लाट न मोडता पडला.

पाणी गाळण्याबद्दल ज्ञानदेवांनी घेतलेला आक्षेप इथे पुन्हा समोर येतो, आणि त्याचे उत्तर त्याच गाळणाऱ्यांच्या आचारात आहे. बौद्ध भिक्षूच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचे फडके असे. भंडारा जिल्ह्यातल्याच पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये जो स्तूप उत्खननात निघाला, त्याच्याभोवती राहिलेल्या भिक्षूंनीही ते वैनगंगेच्या पाण्यासाठी वापरले असणार. जैन घरांतली रीत आणखी एक पाऊल पुढे जाते. गाळण्यात अडकलेले जीव फडक्यावर वाळू द्यायचे नाहीत, ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते जपून परत सोडायचे. दुसऱ्या विहिरीत सोडायचे नाहीत, कारण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्याला आणि दुसरे पाणी त्या जिवाला घातक ठरू शकते. टाकीला कंटाळलेली माणसे नेमके याच्या उलट वागतात. पुण्य म्हणून, किंवा मारवत नाही म्हणून, ती मासे जवळच्या तलावात सोडून येतात आणि टाकीचे औषधी पाणी नाल्यात ओततात. उजनीच्या जलाशयात जाळ्यांत येणारा सकर मासा अशाच शोभेच्या टाक्यांमधला पाहुणा आहे, आणि त्याने तिथल्या मच्छीमारांना जेरीस आणले आहे. भंडाऱ्यात तर गावोगाव मामा तलाव आहेत, मालगुजारीच्या काळचे, कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. त्यांतल्या मासोळीवर ढिवर कुटुंबे जगतात. आजारी गोल्डफिश हातात धरून काठावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात दयाच असते. त्या माशाच्या अंगावरून सुटणारी पिल्ले मात्र त्याला दिसत नाहीत. मासा वाचण्यासारखा असेल तर त्याने तो घरी न्यावा, वेगळ्या बादलीत ठेवावा, मीठ घालावे, आणि वापरलेले पाणी तलावापासून दूर, पीक नसलेल्या मुरमाड जमिनीत जिरवावे. बादली आणि जाळी उन्हात पुरती वाळवावी. मे महिन्यात आंबागडच्या उन्हात त्यासाठी एक दुपार पुरते.